मोगऱ्याच्या डब्याचं भोक

आम्हा दोघांचं शेवटचं काम म्हणजे कुंडीचं भोक मोकळं करणं. दुसरं काही बरं सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. लोकांच्या बायका शेवटी हात हातात घेतात म्हणे. माझी बायको मंदा कांदिवलीच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत स्टुलावर बसली होती, मी मोगऱ्याची कुंडी तिरकी धरून उभा होतो, आणि ती जुन्या छत्रीची काडी खालून घालून भोक खरवडत होती. "हलता कशाला? नीट धरा." "पाठ दुखतेय माझी." "कुंडी हातानं धरायला सांगितलीय, पाठीनं नाही." मग आतून चिखलाचा गोळा टपकन पडला. तिनं कुंडी सरळ ठेवायला लावली, मातीत बोट खुपसून बघितलं, स्टीलच्या तांब्यानं पाणी घातलं आणि खालून धार लागेपर्यंत बघत बसली. मी म्हटलं, खालच्या मजल्यावरची बाई पुन्हा सेक्रेटरीकडे जाईल, तिच्या वाळत घातलेल्या चादरीवर पाणी पडतं. त्यापेक्षा भोकात थोडं सिमेंट भरू, कटकट मिटेल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि एकच शब्द बोलली, "पुन्हा?" मी म्हटलं, बरं, मग संध्याकाळी अजून एक तांब्या घालतो, ऊन फार आहे. ती म्हणाली, "तुम्ही फक्त चहा टाका."

मी चहा टाकला. ती प्यायली, साखर जास्त झाली म्हणाली. त्याच संध्याकाळी सातच्या सुमारास ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली. टीव्ही चालू होता. मला वाटलं डुलकी लागली, म्हणून मी आवाज कमी केला.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की ती 'पुन्हा' का म्हणाली ते कळावं. त्यासाठी आमच्या घाटकोपरच्या डोंगरावर जावं लागतं. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा असेन. सातवी दोनदा केली होती आणि तिसऱ्यांदा करण्यात मास्तरांनाही रस उरला नव्हता. शाळा सुटली होती आणि काम लागलं नव्हतं. बाबा गिरणीत मागावर होते. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते, त्यामुळे आमच्या घरात साधं मीठ मागितलं तरी भांडण चाललंय असं शेजाऱ्यांना वाटायचं. आई मालवणी, तोंडानं तिखट आणि हातानंही. तिच्या हातची सुकटीची चटणी खाल्ली की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि घरात सहज मिळणारं पाणी तेवढंच. बाकीचं खालून आणावं लागे. नळ डोंगराच्या पायथ्याशी, आम्ही जवळजवळ माथ्यावर. पायऱ्या किती ते मी रोज मोजायचो आणि रोज वेगळी मोजणी यायची. भरलेला हंडा खांद्यावर असला की हिशेब चुकतो. सकाळी तीन खेपा, दुपारी नळ आला तर दोन. घरात मी दुसरं काही करत नव्हतो, त्यामुळे हे माझं काम होतं, आणि मला त्याचा गर्व होता. हंड्यातलं पाणी कोणी उगाच सांडलं तर कोणीतरी माझ्या अंगावरची कातडी सोलल्यासारखं मला व्हायचं.

डोंगरावरची घरं एकाखाली एक. आमच्या ओट्याची कड संपली की खाली मंदाच्या घराचा पत्रा सुरू व्हायचा. ती माणसं घाटावरची, साताऱ्याकडची. आमच्याकडून मासळीचा वास खाली जायचा आणि त्यांच्याकडून ठेचा परतल्याचा ठसका वर यायचा, आणि दोन्ही घरं एकमेकांना नावं ठेवत जेवायची. ओट्याच्या कडेला तेलाच्या चौकोनी डब्यात आईचा मोगरा होता. लग्नानंतर माहेराहून येताना तिनं त्याची फांदी ओल्या नारळाच्या सोडणात गुंडाळून आणली होती. दागिने म्हणून जे आणलं ते पुढे एकेक करून गेलं, फांदी राहिली. झाड माझ्या छातीला लागेल एवढं झालं होतं. उन्हाळ्यात आई चार फुलं माठात टाकायची. बाबा पाळीवरून आले की ते पाणी पिऊन मोठ्यानं म्हणायचे, "आज पाण्याला वास मारतोय." त्यांना तेवढंच सुचायचं. आई तेही कौतुक म्हणून घ्यायची.

डब्याच्या बुडाला आईनं खिळ्यानं ठोकून अंगठ्याएवढं भोक पाडलं होतं. पाणी घातलं की ते भोकातून मंदाच्या पत्र्यावर जायचं. एरवी त्याचं कोणाला काही नव्हतं, पण त्या उन्हाळ्यात मंदाच्या आईनं पत्र्यावर धोतर पसरून कुरडया वाळत घातल्या. दुसऱ्याच दिवशी खालून आवाज आला, "ओ मालवणी, तुमचं झाड मुतलं बघा आमच्या कुरडयांवर." आईनं वरून उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठवडाभर हेच चाललं. आणि मध्येच गावाहून सांगावा आला, की आजी, म्हणजे आईची आई, अंथरुणाला खिळलीय. आई माझी धाकटी बहीण शालू हिला घेऊन एस्टीनं निघाली. निघताना तिनं मला तांदूळ कुठे, सुकट कुठे, बाबांचा डबा कसा, ते काहीच सांगितलं नाही. ओट्यावर उभी राहून म्हणाली, "सदा, मी येयसर माझा झाड जिता ऱ्हवाक व्हया. पाणी मातीची तहान बघून घाल, तुझी बघून नको." ती परत येईपर्यंत झाड जिवंत ठेवायचं, एवढंच; मी होय होय म्हटलं. मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे. जो माणूस डोंगरावर पाणी चढवतो त्याला पाणी कसं घालायचं ते शिकवायचं?

आई गेली त्याच दिवशी मी भोक बुजवलं. शेजारच्या घरावर पत्र्याचे सांधे भरायला डांबर आणलं होतं, त्यातलं थोडं शिल्लक होतं. ते गरम करून मी डब्याच्या बुडाला असं चोपडलं, की थेंब बाहेर आला तर नाव बदलीन. एका हातासरशी दोन कामं. मंदाच्या आईची बोंब बंद, आणि मी वर आणलेलं पाणी खाली वाहून जायचंही बंद. मला खरं तेच सहन होत नव्हतं. मी पायथ्यापासून हंडा चढवायचा, आणि त्यातलं अर्धं पाणी झाडाच्या खालून निघून परत पायथ्याकडे जायचं, ही कुठली रीत? पुढे मी आयुष्यभर प्लंबरचं काम केलं. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत किती इमारतींमधली गळती थांबवली असेल सांगता येत नाही. पण पहिली गळती ती. आणि काम इतकं चोख झालं, की झाड त्यातच मेलं.

लगेच नाही. झाडं माणसांपेक्षा सोशीक असतात, लगेच तक्रार करत नाहीत, म्हणून तर माझ्यासारख्यांचं फावतं. आठ-दहा दिवसांत पानं पिवळी पडायला लागली. मी बाबांना दाखवलं. बाबा ओरडले, "तहान लागलीय त्याला." सगळा डोंगर पाण्यासाठी भांडायचा, तिथे कोणालाही कशाचंही औषध विचारलं तरी तेच मिळणार. मी एका तांब्याचे दोन केले, सकाळी एक, संध्याकाळी एक. मी स्वतः अंघोळीला अर्धी बादली घ्यायचो, आणि झाडाला दोन तांबे. पानं आणखी गळाली. मग मला वाटलं, ऊन सोसत नाही, म्हणून डबा उचलून आत मोरीशेजारी नेला. पाण्यानं तो इतका जड झाला होता की बाबांना एका बाजूनं धरायला बोलवावं लागलं, आणि तरीही दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. मग कोणीतरी म्हणालं, चहाचा चोथा घाल, जोर येतो. मी घातला, साखरेसकट, दुधासकट. झाडाला जोर आला नाही, मुंग्यांना आला.

आताही मी बघतो, आमच्या सोसायटीतल्या बायका मोबाईलवर बघून कुंडीत केळ्याची सालं घालतात, अंड्याची टरफलं घालतात, काल तर एकीनं ताक ओतलं. कुंडी बिचारी सगळं गिळते. काही करावंसं वाटतं माणसाला. काही न करता बसणं हे जे काम आहे, ते कोणाला येत नाही. मला तर आयुष्यात आलं नाही.

मंदा एक दिवस वर आली. तिच्या आईनं बाजरीची भाकरी आणि ठेचा पाठवला होता. आई नसताना आम्ही बापलेक नुसता भात आणि भाजलेला खारा बांगडा खातोय हे त्यांना वासावरून कळलं होतं, आणि शिव्या देत का होईना त्या रोज काहीतरी पाठवायच्या. मंदा माझ्याएवढीच, दोन वेण्या, बोलायला सुरी. दारात उभी राहून नाक वर करून म्हणाली, "वास कशाचा येतोय रे?"

"मोगऱ्याचा."

"मोगऱ्याचा असा वास असतो व्हय? गटारीचा हाय ह्यो." आत येऊन तिनं डब्यात बोट घातलं, आणि हात मनगटापर्यंत आत गेला. "आरं, भात लावलायस का यात?"

"तुला काय कळतं? तुमच्याकडे ज्वारी पिकते."

"आमच्याकडं पाणी बघून पिकतंय. तू मारणार हे झाड."

"मी दिवसातून दोनदा पाणी घालतो."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली, भाकरी ठेवली आणि गेली.

तीन आठवड्यांनी गावाहून पत्र आलं. बाबांना वाचता येत नव्हतं, मला वाचावं लागलं, आणि त्यांच्या कानांमुळे ओरडून वाचावं लागलं. त्यामुळे आमची आजी गेली हे बाबांबरोबरच सगळ्या डोंगराला कळलं. तेराव्यानंतर आई येणार होती. पत्रात शेवटी, जागा उरली नव्हती तिथे कडेला, आईनं सांगून लिहवून घेतलं होतं, मोगऱ्याला कळी आली का.

मी सातवी नापास असेन, पण तेवढं मला कळलं. आता तिच्या माहेरी तिची वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं. होतं ते एवढं मोरीशेजारचं झाड. मी डबा ओढत बाहेर आणला आणि आडवा केला. काळं पाणी आलं. झाड मातीतून आपोआप सुटून हातात आलं, जरा ओढावंसुद्धा लागलं नाही. मुळं काळी आणि बुळबुळीत, दाबली की सालं निघून यायची. मी ओट्यावर ते हातात धरून बसलो. काळं पाणी वाहत वाहत खाली मंदाच्या पत्र्यावर गेलं, आणि यावेळी खालून कोणी ओरडलं नाही.

मंदा वर आली. झाडाकडे बघितलं, डब्याच्या बुडाकडे बघितलं. डांबरावरून बोट फिरवून म्हणाली, "हे कुणी केलं?"

"तुझ्या आईच्या कुरडयांसाठी केलं."

"कुरडया वाळून डब्यात भरून महिना झाला."

मी हातातलं झाड ओट्यावर ठेवलं. मग ती म्हणाली, "रडू नको. माझ्याकडं हाय एक." मी रडत नव्हतो, पण तिला तसं दिसलं असेल. ज्या दिवशी ती भाकरी घेऊन आली, त्याच दुपारी मी नळावर गेल्याचं बघून तिनं परत वर येऊन वरच्या तीन काड्या कापून नेल्या होत्या. "दोन वाळल्या. एक लागलीय." मी तिच्या मागून खाली गेलो. त्यांच्या घराच्या मागे फुटक्या माठाच्या बुडात, राख मिसळलेल्या मातीत, वीतभर काडी उभी होती, आणि तिला दोन पानं होती. दोनच, पण हिरवी. मी हात पुढे केला, तर तिनं माठ मागे ओढला.

"देईन. पण पाणी तू आणायचं. घालायचं मी. तू लांब उभा राहायचं."

मी कबूल केलं. अडलेला माणूस काय करणार. त्यावेळी मला वाटलं हे आई येईपर्यंतचं बोलणं आहे. ते पुढे पन्नासच्या वर वर्षं चाललं, डोंगरावर चाललं, कांदिवलीला चाललं, आणि या कराराला ना कागद होता ना साक्षीदार.

डांबर खरवडून काढायला मला पूर्ण दिवस लागला. नवी माती भरली, काडी लावली, डबा परत कडेला ठेवला. एवढ्या मोठ्या डब्यात ती काडी म्हणजे मोकळ्या मैदानात हरवलेलं पोर. आई आली. दागिना अंगावर नव्हताच, आता चेहऱ्यावरचंही काहीतरी काढून ठेवून आल्यासारखी दिसत होती. घरात न शिरता ती आधी डब्याकडे गेली. बराच वेळ बघत राहिली.

"सदा, मी गेलंय तेव्हा झाड तुझ्या छातीक लागत होता. आता वीतभर आसा. झाडा खालच्या अंगान वाढतत काय रे?"

मी म्हटलं, वारा सुटला होता. आईनं काय विचारलं ते बाबांनी ऐकलं नव्हतं, पण आपणही काही सांगावं म्हणून ओरडले, "तहान लागली होती त्याला." आईनं माझ्याकडे बघितलं. तिचा हात कधीही उठला असता, आणि मला तो उठायला हवा होता, कारण मार खाल्ला की विषय संपतो. तेवढ्यात खालून, पत्र्याआडून, मंदाचा आवाज आला. "काकू, मी छाटलं ओ. जुनं झालं होतं. छाटल्याशिवाय कळी धरत न्हाई."

आईनं डब्यात बोट घातलं. मग वाकून बुडाच्या भोकात बोट घातलं, बाहेर काढलं आणि बघितलं. बोटाच्या टोकाला डांबर लागलं होतं. एवढं खरवडूनही कडेला राहिलंच. तिनं ते बोट पदराला पुसलं आणि खाली बघून म्हणाली, "बरा केलंस गे बाय." मग ती डब्याशेजारी ओट्यावरच बसली, आणि आजी गेल्यापासून कदाचित पहिल्यांदा, मोठ्यानं रडली. डोंगरावर सगळ्यांना वाटलं आईसाठी रडतेय. ते खरंच होतं. त्यातलं थोडं माझ्यामुळेही होतं, ते आई, मंदा आणि मी, आम्हा तिघांनाच माहीत.

पुढे सहा-सात वर्षांनी मी घरात मंदाचं नाव काढलं, तेव्हा आईनं आधी कपाळाला हात लावला. घाटावरची, तिका मासो साफ करूक येता काय? दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मोगऱ्याची फुलं काढता काढता म्हणाली, "माशाचा मी शिकवीन. मेल्याक जगवूचा तिका येता." मला आजवर कळलं नाही की ती मेलेल्या झाडाबद्दल म्हणाली की मला शिवी दिली.

त्या काडीचं झाड झालं, त्याच्या फांदीचं दुसरं, आणि त्याचं तिसरं कांदिवलीच्या बाल्कनीत. घरं बदलली, पाणी चोवीस तास नळाला आलं, मी कधीही तोटी फिरवून पाहिजे तेवढं ओतू शकलो असतो. तिनं ओतू दिलं नाही. रोज मी तांब्या भरून आणायचो, ती मातीत बोट घालायची, आणि बऱ्याच वेळा म्हणायची, "आज नको." मग मी तांब्या परत न्यायचो. मंदा गेल्यावर भेटायला आलेले लोक म्हणाले, आता झाडांशी बोलत जा, मन हलकं होतं. मी बोलत नाही. मोगऱ्याला बोलता आलं असतं तर पहिला शब्द 'पुरे' असता, आणि तो मला उद्देशून असता.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला नेहमीच्या वेळेला जाग आली. हॉलमध्ये मुलगा, सून आणि पाहुणे मिळेल तिथे झोपले होते. बहीण शालू तेवढी भिंतीला टेकून जागी होती. मी उठलो, स्वयंपाकघरात जाऊन स्टीलचा तांब्या भरला आणि बाल्कनीत गेलो. रोजचं काम, पायांना सांगावं लागत नाही. कुंडीजवळ पोचल्यावर मात्र थांबावं लागलं, कारण माझं काम तिथे संपत होतं. पुढचं तिचं होतं.

बराच वेळ मी तांब्या धरून उभा होतो. ऊन यायला लागलं होतं. पानं मला कोमेजल्यासारखी वाटली, पण मला ती आयुष्यभर तशीच वाटत आली आहेत. शेवटी मी वाकलो, पाठ दुखली, आणि मातीत बोट घातलं. पहिल्या पेरापर्यंत कोरडं होतं. आणखी आत घातलं. ओलं होतं. आदल्या दुपारी तिनं घातलेलं पाणी अजून होतं.

मी बोट बाहेर काढलं, लुंगीला पुसलं आणि तांब्या घेऊन परत आत आलो. ते पाणी पातेल्यात ओतलं आणि गॅस लावला. मागून शालू दबक्या आवाजात म्हणाली, "दादा, आज घरात चूल पेटवत नाहीत."

"चूल नाही, गॅस आहे," मी म्हटलं, आणि चहा टाकला. साखर कमी घातली.